बसता न येणारे कपडे

गांधीबागेतल्या त्या इमारतीचा जिना अजून तसाच आहे. उभा चढ, अंगावर येणारा, कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांचे जुने थर. बदललंय ते तिसऱ्या मजल्यावर. तिथं आता दार ढकललं की गार हवेचा झोत अंगावर येतो आणि काळे कपडे घातलेली एक मुलगी काचेच्या पेल्यात फिकट हिरवं पाणी पुढे करते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मॅम, काकडी आहे."

जूनचा शेवटचा आठवडा होता, पावसानं दडी मारली होती, आणि सकाळी अकराच्या उन्हात तीन मजले चढून मी काकडीचं पाणी प्यायले. निमंत्रण प्रलचं होतं. त्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. पण दुकान म्हणायचं नाही, ‘स्पेस’ म्हणायचं. जो गिलावा वीस वर्षांपूर्वी आमच्या डोक्यावर आपोआप पडायचा, तो आता मजूर लावून पाडला होता, आतल्या विटा दिसाव्यात म्हणून. कोपऱ्यात एक पांढरं यंत्र संत्र्याच्या फुलांच्या वासाची वाफ सोडत होतं. नागपुरात, संत्र्याच्या फुलांचा वास, यंत्रातून! मधल्या मोकळ्या जागेत आठ कुर्ते एकमेकांपासून हात-हातभर अंतरावर टांगले होते, संसर्गाचा रोग झाल्यासारखे. आणि त्यांच्यामधून माझे जुने ओळखीचे लोक हळूहळू फिरत होते. शिल्पकार, फॅशनवाले, चित्रकार, ‘क्युरेटर’. सगळ्यांच्या चष्म्यांच्या काड्या जाड, सगळ्यांची मान एकाच बाजूला कललेली. ही मान कलवायला आम्हीच शिकलो होतो. याच खोलीत.

समोरच्या भिंतीवर तो फोटो होता. भिंतभर मोठा, काळापांढरा. हाच जिना, वरून टिपलेला. एक माणूस पाठमोरा उतरतोय, खांद्यावर शिलाई मशीन, तिच्या वजनानं मान वाकलेली, शर्ट पाठीला चिकटलेला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘अनाम कारागीर, गांधीबाग’.

माझ्या शेजारी उभी असलेली बाई तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "किती पॉवरफुल ना?"

त्या पाठीला मी ओळखत होते. ती मिलिंदची पाठ होती. प्रल त्याच्या डब्यातलं सहा वर्षं जेवला होता.

*

आम्ही तिघं होतो. प्रलचं खरं नाव प्रल्हाद. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतून तो नागपूरला चित्रकला शिकायला आला आणि पहिल्याच वर्षी त्यानं स्वतःच्या नावाची शेपटी कापून टाकली. मी धंतोलीतल्या एका वकिलाची मुलगी. रंगवायला बऱ्यापैकी यायचं, बोलायला त्याहून बरं. आणि मिलिंद नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला. त्याची आई घरी ब्लाउज शिवायची. आम्हा तिघांत पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवता येणारा तो एकटाच होता. कॉलेज संपल्यावर आम्ही ही खोली घेतली, ‘उसवण’ नावाची पाटी रंगवली, आणि मिलिंदनं आईचं मशीन इथं आणून ठेवलं. बाकी आमच्याकडे भांडवल म्हणून मतं होती.

त्या खोलीचा वास मला आजही डोळे मिटून सांगता येईल. खाली ठोक कापडाचं दुकान होतं, त्यामुळे सगळ्यात आधी कोऱ्या कापडाचा वास, खळीचा, जरासा आंबूस. खाली नोकर कापडाचं थान उलगडून गादीवर आपटायचे, त्याचा ‘फट्’ असा आवाज दिवसभर यायचा. त्याच्या मागून हातगाडीवाल्यांचं "बाजू, बाजू!" दुपारी बाजार सुस्तावला की इतवारीकडून मिरचीची खाट यायची आणि तिघंही एकदम शिंकायचो. दुकानाचे शेठजी भले होते. उरलेले तुकडे गड्याच्या हाती वर पाठवायचे आणि जिन्यातून ओरडायचे, "लो भई, आर्टिस्ट लोग!" आम्ही ते तुकडे घ्यायचो आणि शेठजींना हसायचो.

उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. लाइट गेली की तो वास हळूहळू सुकत जायचा आणि त्याच्या जागी आमच्या घामाचा यायचा. हिवाळ्यात प्रलच्या घरून संत्र्यांच्या पेट्या यायच्या. आम्ही शेगडीच्या कडेला साली ठेवायचो, त्या करपायच्या, खोलीभर कडूगोड धूर व्हायचा. संत्रं खाल्ल्यावर मिलिंद खाली नळावर जाऊन हात धुऊन यायचा आणि मगच पांढऱ्या कापडाला हात लावायचा. आम्ही नाही धुवायचो. कापडावर आमच्या अंगठ्यांचे पिवळे डाग पडायचे, आणि प्रल त्याला नैसर्गिक रंगकाम म्हणायचा. लोक माना डोलवायचे.

आमचा एकच उद्योग नेमानं चालायचा, तो तिरस्काराचा. सकाळी पोहे-तर्री खाऊन आलो की सुरुवात. बँकेत नोकरी करणारे, पिको-फॉल करून घेणाऱ्या बायका, लग्नाचे लेहंगे शिवणारे धरमपेठेतले डिझायनर, काचेतल्या पुतळ्यांना साड्या नेसवणारे दुकानदार. मुंबईला गेलेले विकले गेले म्हणून, नागपुरात राहिलेले खुजे म्हणून. दुपारपर्यंत शहरात आम्हा तिघांशिवाय कोणी शिल्लक राहायचं नाही. मिलिंद या बैठकीत फारसा बोलत नसे. मशीनचं पायडल मारत असे. आम्हाला वाटायचं, त्याला हे सगळं पटतंय. आता कळतं की तिरस्कार करत बसायला घरून डबा यावा लागतो. माझा यायचा. मिलिंदचाही यायचा, पण तो आम्ही खायचो.

आम्ही जे करत होतो त्याला कपडे म्हणणं हा कापडाचा अपमान होता. वर्तमानपत्राच्या कागदाला कापडाची पाठ लावून केलेली साडी. पायघोळ झगा, ज्यात गुडघे एकत्र बांधलेले. एकदा प्रलनं एका जाकिटाचं चित्र काढून मिलिंदपुढे टाकलं. मिलिंदनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"याच्यात हात कुठून काढायचा?"

"प्रश्न तोच आहे," प्रल म्हणाला.

"हाव, मंग उत्तर काय?"

प्रलनं माझ्याकडे पाहिलं, मी प्रलकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं त्या अजाण माणसाला समजून घेतल्यासारखं हसलो. मिलिंदनं ते जाकीट शिवलं. बाह्यांवाचून, पण इतकं सुबक, की आतली शिलाई बाहेरच्या शिलाईपेक्षा देखणी होती. आतली शिलाई कोणी पाहत नसे. मीही क्वचितच पाहिली.

*

मग आम्ही प्रदर्शन केलं. एप्रिलमध्ये, भर उन्हात, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. लग्नाच्या तारखा नव्हत्या म्हणून हॉल मिळाला. कॉलेजातल्या मुली कपडे घालून चालणार होत्या. शेवटी यायचा होता तो मुख्य नमुना: संत्र्यांच्या पेट्यांवर येणाऱ्या गोणपाटाचे तीन थर एकावर एक शिवून केलेला कोट, मानेपासून टाचेपर्यंत, मागून दोरीनं घट्ट आवळलेला. तो घालून बसता येत नव्हतं, म्हणून त्या मुलीला दीड तास उभं ठेवलं होतं. पंखे आवाज करतात म्हणून प्रलनं बंद करायला लावले होते.

ती चार पावलं चालली आणि कोसळली. गोणपाट जमिनीवर पडल्याचा आवाज मोठा विचित्र असतो; धान्य पडल्यासारखा. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे ठरलेलं आहे. मी जागची हलले नाही. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, छान झालं.

मिलिंद मागून धावत आला. दोरीची गाठ सुटेना, तेव्हा त्यानं खिशातली कात्री काढली आणि कोट मानेपासून कमरेपर्यंत सरळ फाडला. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं. तिच्या गळ्याभोवती गोणपाटानं घासून लाल वळ उठले होते.

प्रल पडद्यामागून आला तो पांढराफटक पडला होता. मुलीकडे नाही, कोटाकडे पाहून.

"तुला कळतंय का, तू काय कापलंयस?"

"पोरगी मरून राहिली होती बे!" मिलिंद म्हणाला. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशीसाठी मी वर्तमानपत्राला टिपण लिहून दिलं. त्यात ‘देहानं वस्त्राला दिलेला नकार’ असे शब्द होते. ते छापून आलं. आम्ही त्या अंकाच्या पंधरा प्रती आणल्या आणि जिन्यातच बसून वाचल्या. त्या मुलीचं नाव मला आठवत नाही. बरेचदा आठवून पाहिलं आहे. वळ आठवतात.

मे महिन्यात मिलिंदनं शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर घेतली. आकाशी शर्ट आणि निळे स्कर्ट, एका सरकारी अनुदानावरच्या शाळेसाठी. तो हे आम्हाला लपवून करू शकला असता. पण सकाळी आल्या आल्या त्यानं आकाशी थान टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. त्याच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, हे आम्ही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

प्रल म्हणाला, "इथं? या खोलीत?"

"मशीन इथं हाये ना."

"मिलिंद, युनिफॉर्म म्हणजे काय ते तुला कळतंय का? मुलांना एका साच्यात घालणं. आपण ज्याच्या विरुद्ध आहोत ते सगळं."

"लेकरं उघडी थोडीच जातीन शाळेत."

मग मी बोलले. माझ्या बोलण्याचा मला तेव्हा फार अभिमान होता. मी त्याच्याकडे न पाहता, कपातला चहा ढवळत म्हणाले, "जाऊ दे, प्रल. शेवटी तो टेलरच."

खालून थान आपटल्याचा आवाज आला. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. मापात चूक झाली की तो कापडाकडे जसा पाहायचा, तसं. मग त्यानं पेचकस घेतला आणि मशीन स्टँडपासून सोडवायला बसला. चार पेच होते. चौथा गंजला होता, त्याला वेळ लागला. तेवढा वेळ मला होता. मी चहा संपवला.

मशीन खांद्यावर घेऊन तो जिना उतरू लागला. "धरू का?" असं आम्ही दोघांनीही म्हटलं नाही. आणि माझ्या शेजारून क्लिक् असा आवाज आला. प्रलनं कॅमेरा काढला होता.

"काय लाइट आहे बघ," तो म्हणाला.

*

"काय लाइट होता त्या दिवशी, आठवतं?" प्रल आता मागून येऊन म्हणाला. केस पांढरे झालेत, ते त्याला शोभतात. त्यानं ते शोभवले आहेत. मी त्याच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होते, त्याचा त्यानं आपल्या सोयीचा अर्थ घेतला होता.

"खाली अनाम काय लिहिलंयस?"

"अगं, ते वाचलंस? सगळ्यांना फार आवडलंय."

"त्याचं नाव मिलिंद आहे."

"नाव घातलं की तो एक माणूस होतो गं," प्रल समजुतीच्या सुरात म्हणाला. हा सूरही आमचाच. "असं ठेवलं की तो सगळेच होतो."

"त्याला विचारलंस?"

"कुठे शोधणार आता? आहे का तो अजून?"

मिलिंदचं दुकान तिथून दोन गल्ल्या सोडून होतं. प्रलला खरंच ठाऊक नव्हतं. मला होतं. वीस वर्षं मी गांधीबागेत आले की त्या गल्लीला वळसा घालून जात होते. मी आता एका खाजगी संस्थेत फॅशन डिझाइन शिकवते. दरवर्षी चाळीस मुलामुलींना मान कुठल्या बाजूला कलवायची ते दाखवते. त्यांना घेऊन बाजारात आले तरी वळसाच घालते. प्रलला त्याचं कधी काही वाटलं नाही, आणि मला वाटून मी काय केलं, तर वळसा घातला. त्या खोलीत मला त्याची शिसारी आली, पण तिथं आठ कुर्त्यांच्या मधोमध आरसा होता, आणि त्यात मी मान कलवून उभी होते.

पेला खिडकीत ठेवून मी खाली उतरले.

गल्लीच्या तोंडाशीच गर्दी लागली. शाळा दोन दिवसांवर आलेल्या. आया, बाप, मोटारसायकली, काखेतली लेकरं. दुकान म्हणजे दहा फुटांचं तोंड आणि आत लांबच लांब बोगदा, दोन्ही बाजूंना छतापर्यंत रंगीत गठ्ठे: आकाशी, मरून, बाटली हिरवा, चौकडीचा. आणि वास, तोच, खळीचा, आंबूस. मी दारातच थांबले. तो वास मी हरवला समजत होते, आणि तो इथं रोज, दोन गल्ल्यांवर, ढिगानं पडलेला होता.

मिलिंद पैशांच्या गल्ल्यामागे उभा होता. केस कपाळावरून मागे सरकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात, टेपही गळ्यात. त्यानं मला पाहिलं आणि ओळखलं.

"आली का?" तो म्हणाला, जशी मी चहा सांगायला खाली गेले होते. "आत ये वं. बसाले जागा नाई. तिकडं गठ्ठ्यापाशी उभी राह्य."

मी गठ्ठ्यापाशी उभी राहिले. पुढ्यात एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला नवा शर्ट घालून भांडत होती. शर्ट ढगळ होतो म्हणत होती.

"ढगळ नाई, ताई. वाढून राहिली ना ते," मिलिंद म्हणाला. मग मुलीपुढे उकिडवा बसला. "हात वर कर, बेटा. तसा नाई. शाळेत बाईनं प्रश्न विचारला, अन् तुलेच उत्तर येते. मंग कसा करशीन?"

मुलीनं दंड कानाला लावून हात ताणला, टाचा उचलून. शर्ट स्कर्टमधून निघाला नाही. पोट उघडं पडलं नाही.

"झालं. घेऊन जा," मिलिंद म्हणाला. बाईनं मुलीचा हात खाली ओढला आणि ती पैसे काढू लागली. तिला काही दिसलंच नव्हतं.

मी एक शर्ट उचलून उलटा केला. काखेत, बाही आणि अंग यांच्या जोडावर, दोन बोटं रुंदीचा एक चौकोनी तुकडा तिरका बसवला होता. प्रत्येक शर्टात. असा तुकडा मी मुलांना पुस्तकात दाखवते, जुन्या अंगरख्यांच्या पानावर.

"हे सगळ्यांना लावतोस?"

"हाव."

"एवढ्या शर्टांना? काहून?" माझ्या तोंडून कित्येक वर्षांनी ‘काहून’ निघालं.

"पोरी हात वर नाई करत," तो म्हणाला. "शर्ट वर सरकते ना, मनून. येते त्याइले उत्तर, पण खालीच बसून राह्यते. मी शाळेत मापं घ्याले गेलो होतो, तवा पाह्यलं."

मी शर्टाची घडी केली. मला नीट जमली नाही. मग मी त्याला फोटोचं सांगितलं. तो जिना, तो दिवस, खालची अक्षरं. ‘अनाम’ म्हटल्यावर तो हसला, दाढेपर्यंत.

"अनाम? अर्ध्या नागपूरचे पोट्टे माह्यं नाव मानेवर घेऊन शाळेत जाते." त्यानं शर्टाची कॉलर उलटून लेबल दाखवलं. मग विचारलं, "फोटोत मशीन दिसते का?"

"दिसतं."

"मंग राहू दे. मायची होती ते."

गर्दी मधूनमधून त्याला हाका मारत होती. मला ठाऊक होतं, आत्ता नाही तर पुन्हा वळसाच.

"मिलिंद, त्या दिवशी मी जे बोलले..."

"टेलर मनलं होतं." त्यानं टेप गळ्यातून काढून बोटांना गुंडाळला. "तो शब्द काई वाईट नाई. तू ज्या तऱ्हेनं मनलं, ते वाईट होतं."

"हो."

"लय लागलं होतं मले. मंग जून आला."

एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माफ केलं की नाही, हे सांगायला तो थांबला नाही, आणि मला ते विचारायचा काही हक्कही नव्हता. मी तिथंच राहिले. निघावं की थांबावं, हे मला कोणी सांगेना. लोक माझ्या अंगावरून हात लांबवून गठ्ठे ओढत होते. एका बाईनं मला कोपरानं ढोसलं.

"ओ ताई, उभ्या काहून आहात? अठ्ठावीस नंबर दाखवा ना. आकाशी."

मी मिलिंदकडे पाहिलं. तो बापाबरोबर आलेल्या एका पोराची मापं घेत होता. मान वर न करता म्हणाला, "वरून तिसरा खण. स्टूल हालते, जपून."

मी पदर खोचला आणि स्टुलावर चढले. वरून तिसऱ्या खणातला अठ्ठावीस नंबर काढला, खाली उतरून बाईसमोर उलगडला, आणि तिच्या मागे लपलेल्या मुलीच्या खांद्यांना लावून पाहिला. नीट बसत होता.

"द्या बांधून," बाई म्हणाली.

मी बांधून दिला. परवा सकाळी ती मुलगी तो घालून शाळेत जाणार होती.